अकरावं प्रकरण

"अन् कादंबरी कुठी हाये?" बाबांनी विचारलं.

दिगंबरने पिशवीतून एकेक वस्तू काढून बाजेवर मांडली होती. मुखपृष्ठाचं रंगीत चित्र. मलपृष्ठावर छापायचा मजकूर. अर्पणपत्रिका. हनुवटीखाली मूठ ठेवलेला लेखकाचा फोटो. आणि एक छापील कार्ड, 'दिगंबर ठोंबरे, कादंबरीकार'.

"कादंबरी झाल्यासारखीच आहे, बाबा. आता फक्त आपली प्रस्तावना हवी."

"झाल्यासारखी..." बाबा म्हणाले आणि कार्ड उलटून मागची कोरी बाजू पाहिली.

बाबा म्हणजे दौलतराव महल्ले. चार कादंबऱ्या त्यांच्या नावावर. आमच्या भागातून जिल्ह्यापलीकडे वाचला गेलेला हा एकच माणूस. वय एकोणऐंशी. पंधरा वर्षांपासून त्यांनी सभा-संमेलनं सोडली होती आणि पिंपळखुट्याच्या घरी ओसरीवर बसून ते बाजेची सुतळी ओढत, नाहीतर शेंगा फोडत. कोणी गेलं तर बोलत, नाही गेलं तर तेवढ्याच आनंदात असत.

दिगंबर तहसीलमध्ये कारकून, वय एक्केचाळीस, आणि आमच्या तालुका साहित्य संघाचा कायमचा सूत्रसंचालक. आमच्या तालुक्यात दर तिसरा माणूस कवी आहे आणि उरलेले दोघे अध्यक्ष आहेत. कादंबरीकार मात्र एकटा दिगंबर. अकरा वर्षं तो कादंबरी 'लिहीत' होता. टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, तहसीलच्या जिन्यात, जिथे दोन कान सापडतील तिथे तो ती सांगत असे. तिचं कथानक मलाही पाठ झालं होतं.

"किती पानं?" बाबांनी विचारलं.

"साधारण साडेतीनशे."

"लेहलेली?"

"मनात पूर्ण आहे, बाबा. एकदा बसलो की दोन महिन्यांचं काम."

"अन् बसला काऊन नाई?"

"ऑफिस, संघाचं काम, सूत्रसंचालन... वेळच मिळत नाही."

बाबांची सून चहा घेऊन आली होती. कप ठेवता ठेवता ती म्हणाली, "मागच्या साली रसवंतीवर भेटले होते नं हे, तवाही दोनच महिने रायले होते बाबा."

बाबा हसले नाहीत. "सांग," ते दिगंबरला म्हणाले.

दिगंबरने सांगितली. दीड तास सांगितली. हे मान्य करायला हवं की तो सांगतो फार छान. कादंबरीचं नाव 'सरकी'. तिच्यातली सखू म्हणजे त्याची सख्खी गोदाआत्या, नाव तेवढं बदललेलं. ती जिनात, म्हणजे कापसाच्या जिनिंग कारखान्यात, कामाला होती. तिथे रेचा नावाचं यंत्र असतं, ते कापसातून सरकी वेगळी काढतं, आणि त्याच्या तोंडाशी बसून दिवसभर कापूस टाकणाऱ्या बाया असतात. सखू त्यांतली एक. शेवटी दिगंबरचा गळा भरून आला. तो दर वेळी त्याच ठिकाणी भरून येत असे.

चहावर साय धरली.

"कागद दे," बाबा म्हणाले.

दिगंबरला वाटलं, काही सुचवण्या लिहून देतील. बाबांनी मांडीवर पाटी घेतली, दिगंबरचाच पेन घेतला आणि न थांबता लिहिलं. मग कागद त्याच्या हातात दिला.

"'सरकी' ही कादंबरी मी वाचली," दिगंबरने वाचलं. "जिनातल्या सखूची ही कथा आहे. अकरावं प्रकरण मी तीनदा वाचलं. सखू जिनातून घरी येते, केसांतली रुई झाडते, आणि झाडता झाडता पहिल्यांदा रडते. एवढंच घडतं. ते वाचून मी पुस्तक मिटून बसून राहिलो. आमच्या भागातल्या माणसाने यापेक्षा खरं लिहिलेलं मला माहीत नाही."

खाली सही होती. तारीख होती.

दिगंबर बाबांच्या पाया पडला. त्याला एवढा आनंद झाला होता की आपण लिहायच्या आधीच बाबांनी वाचलं कसं, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. आधी कळस मग पाया म्हणतात ते हेच.

पुढच्या रविवारी सकाळी संघाची मासिक बैठक होती. दिगंबरने प्रस्तावना वाचली. टाळ्या पडल्या. दौलतराव महल्ल्यांनी कोणाला चार ओळी दिल्याचं आम्ही कोणी पाहिलं नव्हतं. मत्सर झाला, खोटं कशाला बोलू, मलाही झाला.

पुढच्या रांगेत इंदूताई बोबडे बसल्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका. टाळ्या थांबल्यावर त्या म्हणाल्या, "प्रस्तावना झाली. आता ते अकरावं प्रकरणच वाचा की."

"ते... छपाईला गेलंय ताई."

"मग पुढच्या महिन्यात वाचा."

पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या महिन्यातही. इंदूताईंनी पस्तीस वर्षं पोरांचा न केलेला गृहपाठ तपासला होता, त्यांना कोण फसवणार?

त्या प्रस्तावनेच्या जोरावर अकोल्याचा एक प्रकाशक पुस्तक काढायला तयार झाला. त्यानेही पत्र पाठवून तेच विचारलं, हस्तलिखित कधी पाठवता?

घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं. दिगंबरने घरी कपाट उघडून लिहिलेली पानं काढली. बत्तीस निघाली. त्यांतली अठरा म्हणजे पहिलंच पान, वेगवेगळ्या साली पुन्हा पुन्हा लिहिलेलं. तो अकरावं प्रकरण लिहायला बसला. 'सखू जिनातून घरी आली' एवढं लिहिलं आणि पुढे काही येईना. आठ दिवस बसला. टपरीवर धो धो येणारी गोष्ट कागदापुढे मुकी झाली.

तो तडक पिंपळखुट्याला गेला.

"बाबा, तुम्ही मला तोंडघशी पाडलं!"

बाबा शेंगा फोडत होते. "काय झालं?"

"अकरावं प्रकरण नाहीच आहे. लोक मागतायत. ते मी लिहिलेलंच नाही."

"मले माहीत हाये."

"माहीत आहे? मग तीनदा वाचलं असं लिहिलं कसं? हे तर खोटं झालं!"

बाबांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"सही कोणाची हाये त्याच्याखाली?"

"तुमची."

"मंग खोटा कोण?"

दिगंबरचा हात खिशाकडे गेला.

"दिगंबर, साठ वर्षं लेहलं म्या. बरं लेहलं, वाईट लेहलं, पण खोट्याखाली सही केली नव्हती. ही पहिली. आता ती तुह्या खिशात हाये."

"मग परत घ्या. फाडून टाका."

"तूच फाड. कागद तुहा, पेन तुहा."

दिगंबरने खिशातून प्रस्तावना काढली. दोन्ही हातांनी धरली. त्याला ती फाडता येईना. आयुष्यात त्याच्याबद्दल कोणी एवढं चांगलं लिहिलं नव्हतं, आणि ते एका न लिहिलेल्या पानाबद्दल होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. या वेळचं पाणी ठरलेल्या जागी आलेलं नव्हतं.

"मी काय करू, बाबा?"

"मले काय इचारतं? खोटा तर मी ठरून रायलो."

बाबांनी पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या. दिगंबरने प्रस्तावना घडी घालून खिशात ठेवली. मग गेला.

पुढच्या बैठकीत तो उभा राहिला तेव्हा आम्हाला वाटलं, नेहमीप्रमाणे पाहुण्यांचा परिचय करून देणार.

"कादंबरी नाही," तो म्हणाला. "बत्तीस पानं आहेत. छपाईला काहीच गेलेलं नाही. अकरा वर्षं मी तुमच्याशी खोटं बोललो. आजपासून सूत्रसंचालन दुसऱ्या कोणाला तरी द्या."

कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. मीही हसलो, आणि त्याची मला आज लाज वाटते. इंदूताई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बत्तीस तर आहेत ना? बसा खाली."

टपरीवाल्याने त्याला विचारलं, "साहेब, सखूचं पुढं काय झालं?" दिगंबर म्हणाला, "माहीत नाही." अकरा वर्षांत तो पहिल्यांदा चहा पिऊन गुपचूप निघून गेला.

नंतरची चार वर्षं सांगण्यासारखी नाहीत, कारण त्यांत रोज तेच घडलं. दिगंबर सकाळी साडेपाचला उठे, स्वयंपाकघरात गॅसशेजारी पाट मांडून बसे आणि आठपर्यंत लिही. मग अंघोळ करून तहसीलला. गावात कुजबुज झाली की माणूस खचला. बायकोला वाटलं आजारी आहे. पहिल्या वर्षी लिहिलेलं बहुतेक सगळं त्याने बाजूला काढलं. दुसऱ्या वर्षी उरलेलं. तरी तो बसत राहिला, आणि आता तो कोणाला काही सांगत नव्हता.

दर दोन-तीन महिन्यांनी मात्र तो पिंपळखुट्याला जाई.

"साठ पानं झाली, बाबा."

"बरं."

"वाचता का?"

"कायले? मी तर वाचली हाये. तसं लेहून देल्लं नं तुले."

पुन्हा तीन महिन्यांनी, "एकशे चाळीस झाली. जरा नजर टाका ना."

"दोनदा कोण वाचते राजा? डोये दुखतात."

सून आतून म्हणे, "वाचा नं बाबा, एवढ्या लांबून येतात ते."

"वाचली हाये म्हणतो नं मी!"

दिगंबर चिडे, मुकाट्याने चहा पिई आणि परत जाई. दुसऱ्या दिवशी साडेपाचला पुन्हा पाट मांडलेला असे. मला हे त्याच्या बायकोने सांगितलं.

दहा प्रकरणं झाली. अकरावं आलं, आणि तो अडला.

सखू घरी येते. केसांतली रुई झाडते. रडते. त्याने ते तेवीस वेळा लिहिलं. कधी सखू हुंदके देऊन रडली, कधी मुक्याने. कधी पदरात तोंड खुपसून, कधी चुलीकडे तोंड करून. प्रत्येक वेळी वाचताना त्याला वाटे, बाई नाटकात काम करतेय. सात महिने गेले. हातातून निसटलेलं आयुष्य आता कुठे हाताला लागलं होतं आणि ते याच एका पानावर पुन्हा सुटणार, याची त्याला भीती वाटायला लागली.

तो बाबांकडे गेला.

"बाबा, आज कादंबरी वाचा म्हणत नाही. एवढंच सांगा, ती कशी रडते?"

"कोण?"

"सखू. अकराव्यात. तुम्ही लिहिलंय ना, झाडता झाडता रडते. तीनदा वाचलंत. मग कशी रडते ते सांगा."

"मले काय माहीत?"

"बाबा!"

"जिनात मी होतो काय?" बाबा म्हणाले. "का तू होता?"

दिगंबर जागेवरून उठलाच. त्याने चप्पल घातली. अकरा वर्षं तो जिची गोष्ट गावभर सांगत फिरला होता, ती गोदाआत्या आमच्याच तालुक्यात, बसने पाऊण तासावर, लेकाकडे राहत होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, कान शाबूत, डोकं शाबूत. तिला त्याने एका शब्दाने विचारलं नव्हतं. लहानपणी घरात ऐकलेल्या चार गोष्टींवर त्याने अख्खी सखू उभी केली होती. कादंबरीकार लोकांनाच जमेल असला हा प्रकार.

गोदाआत्या अंगणात उन्हाला पाय पसरून बसली होती.

"आत्या, तू जिनातून घरी यायची. केसांतली रुई झाडायची."

"हाव. पांढरी फट्ट होऊन ये मी."

"तेव्हा... कधी रडली का गं?"

"रडाले येळ कोणाले होता?" आत्या म्हणाली. "सैपाक कोण करे?"

"एकदाही नाही?"

आत्या गप्प झाली. तिने पाय जवळ ओढून घेतले. दिगंबरला पूर्वीची सवय असती तर त्याने ती शांतता आपल्या बोलण्याने भरून टाकली असती. आता तो नुसता बसून राहिला.

"वेणूचा हात गेला नं, त्या दिवशी," आत्या म्हणाली. "पट्ट्यात पदर गेला. पदरामागं हात गेला. दुपारीच जिन बंद केलं. तिले दवाखान्यात नेलं, अन् आम्ही तिघी घरी आलो. ओट्यावर बसलो. कोणी कोणाशी बोले नाई."

"मग?"

"मंग शेवंतीनं मह्याकडं पायलं. मी तिच्याकडं पायलं. डोकं पांढरं, भिवया पांढऱ्या, पापण्यासुदा. ती म्हणे, 'गोदे, तू त म्हातारी झाली वं.' अन् मले हासू आलं. तिलेही आलं. तिघींलेही आलं. आवरेच नाई बाप्पा. पोट दुखेपर्यंत हासलो आम्ही. तिकडं वेणूचा हात कापून रायले, अन् इकडं आम्ही..."

तिने लुगडं झटकलं. मग ती म्हणाली, "पन्नास-साठ वर्षं झाली. कोणाले सांगतलं नाई मी. वेणूलेही नाई."

"मग आज मला का सांगितलंस?"

"तू इचारलं म्हणून. तुम्ही सारे मह्याबद्दल बोलत होते म्हणे. इचारलं कोणीच नाई."

दिगंबरने तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तो रडला. आत्याने त्याच्या केसांतून हात फिरवला आणि विचारलं, जेवून जातोस ना?

अकरावं प्रकरण त्याने नऊ सकाळींत लिहिलं. दहाव्या सकाळी वाचून पाहिलं. खोडायला काही सापडलं नाही. मग मागची दहा प्रकरणं त्याने पुन्हा लिहायला घेतली, कारण हसणारी सखू आल्यावर आधीची सखू तिच्याशेजारी उभी राहीना. त्याला आणि पुढच्या प्रकरणांना आणखी आठ महिने लागले. हे पुस्तक पुढे निघालं, त्याची दुसरी आवृत्तीही निघाली, आणि आमच्या वाचनालयात त्याची एक प्रत कधी जागेवर नसते. पण ते नंतरचं.

त्या दिवशी तो सकाळी नऊलाच पिंपळखुट्याला पोचला. काखेत गठ्ठा होता. बाबांची आता त्र्याऐंशी उलटली होती. ते बाजेवर आडवे होते, ते उठून बसले.

"झाली," दिगंबर म्हणाला.

"बरं झालं."

"तीनशे बारा पानं."

"बरं."

दिगंबरने खिशातून चार घड्या पडलेला तो कागद काढला आणि बाबांपुढे ठेवला.

"बाबा, ही प्रस्तावना मला वापरता येत नाही."

"काऊन?"

"माझी सखू रडत नाही."

...

"हासते," दिगंबर म्हणाला.

बाबांनी चष्मा लावला, कागद उघडला आणि स्वतःचंच अक्षर नीट वाचलं.

"एवढंच नं? एक वाक्य त हाये," ते म्हणाले. "तुह्या पुस्तकात बदल. 'हासली' खोड, 'रडली' लेह. लोकायले रडणं आवडते."

"नाही, बाबा."

"प्रकाशक काय म्हणते?"

"तो म्हणतो, महल्ल्यांची प्रस्तावना असेल तरच काढतो. नाहीतर पाठवूच नका."

"मंग? चार वर्षं बसला तू. एका शब्दासाठी घालवतं काय?"

पुस्तक हातात यावं म्हणून त्याने काय काय सोडलं होतं ते त्याचं त्याला माहीत. सून दारात येऊन उभी राहिली होती, हात कणकेने भरलेले. तिलाही कळलं होतं की आज हा माणूस काहीतरी मोठं गमावून बसणार.

"घालवतो," दिगंबर म्हणाला. "प्रकाशक दुसरा पाहीन. नाही मिळाला तर हातानं प्रती काढीन. पण ती रडली नाही, बाबा. ती हासली. म्या तिच्या तोंडून ऐकलं हाये."

एवढ्या वर्षांत तो बाबांपुढे पहिल्यांदा घरच्या भाषेत बोलला होता. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

बाबांनी कागदाची पुन्हा घडी घातली.

"मंग मी खोटा ठरलो," ते म्हणाले. "ह्या वयात. सहीसकट."

गुरूच्या तोंडावर असं काही बोलायची आपल्याकडे रीत नाही. दिगंबरने मान खाली घातली. मग वर केली.

"हो बाबा. ठरलात."

बाबा हसायला लागले. आधी बारीक, मग खांदे हलायला लागले, मग त्यांना ठसका लागला, आणि सून पाण्याचा तांब्या घेऊन धावली तरी ते हसतच होते. दिगंबरला कळेना की धरावं की पाया पडावं. चार वर्षांत तो म्हातारा असा हसलेला त्याने पाहिला नव्हता. आणि मग त्यालाही हसू आलं.

पाणी पिऊन झाल्यावर बाबांनी डोळे पुसले. उशी भिंतीला लावली आणि पाय वर घेऊन बसले.

"वाच," ते म्हणाले.

"अकरावं?"

"पयल्यापासून."

दिगंबरने गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. सुरुवातीला त्याने आवाज लावून पाहिला, जुन्या सवयीने. चार ओळींत त्याचं त्यालाच नको वाटलं आणि तो साध्या आवाजात वाचू लागला. सून कणीक मळून आली आणि उंबऱ्यावर टेकली. उन्ह ओसरीवरून अंगणात सरकलं. कोणी तरी बाबांना भेटायला आलं, बाबांनी हाताने बसायची खूण केली, आणि तो माणूसही बसून ऐकत राहिला. तो माणूस मी.

अकरावं प्रकरण आलं तेव्हा बारा वाजून गेले होते. वेणूचा हात गेला. जिन बंद झालं. तिघी ओट्यावर बसल्या. सखू हसली.

ही गोष्ट मी टपरीवर पन्नासदा ऐकली होती, असं मी आजवर समजत होतो. मी ती कधीच ऐकली नव्हती. बैठकीत दिगंबर उभा राहिला तेव्हा मी हसलो होतो, ते मला आठवलं आणि मी मान वर करू शकलो नाही. सून पदराने तोंड दाबून बसली होती. ती हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही.

दिगंबरने पान खाली ठेवलं. तो थकला होता, आणि इतकं उजळलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याने विचारलं नाही, कसं झालंय. त्याला विचारायची गरज वाटली नाही. लेखक होणं म्हणजे काय ते मला त्या एका न विचारण्यात दिसलं.

बाबांचे डोळे मिटलेले होते. आम्ही वाट पाहिली...

मग त्यांनी डोळे उघडले, ओसरीच्या पायरीकडे पाहिलं आणि बाजेवर थोडे सरकून बसले, कोणाला तरी जागा करून द्यावी तसे.

"सूनबाई," ते म्हणाले, "एक ताट जास्तीचं वाढजो. सखूबाई आल्या हायेत."